बिनव्याजी कर्ज १४ टक्क्यांना कसं पडलं: सुझलॉनचं प्रकरण

२००७ साली पुण्याच्या सुझलॉन एनर्जीनं परदेशी गुंतवणूकदारांकडून दोन वेळा मिळून ५० कोटी डॉलर उचलले, जूनमध्ये ३० कोटी आणि ऑक्टोबरमध्ये २० कोटी, आणि या पैशावर दरवर्षी द्यायचं व्याज होतं शून्य. पाच वर्षांनी, ऑक्टोबर २०१२ मध्ये, या रोख्यांपैकी उरलेले सुमारे २० कोटी डॉलर द्यायची वेळ आली तेव्हा कंपनीकडे ते नव्हते. एफसीसीबी, म्हणजे परकीय चलनातले परिवर्तनीय रोखे, यांच्यात भारतीय कंपनीनं बुडवलेली ती तोपर्यंतची सगळ्यात मोठी रक्कम होती.

कॉर्पोरेट फायनान्सचं पुस्तक उघडलं की भांडवलाचा खर्च, कर्ज आणि शेअर यांचं प्रमाण, गुंतवणुकीचा निर्णय, खेळतं भांडवल असे वेगवेगळे धडे असतात आणि परीक्षेत पण वेगवेगळे प्रश्न येतात, पण खऱ्या कंपनीत हे सगळे धडे एकाच दिवशी एकाच टेबलावर येऊन बसतात, आणि ते कसे येतात हे बघायला सुझलॉनइतकं पूर्ण उदाहरण मला आपल्याकडे दुसरं दिसत नाही. माझं म्हणणं एवढंच आहे की पैसा किती आहे हा नंतरचा प्रश्न. तो कुठल्या कंपनीच्या खात्यात आहे, कुठल्या चलनात आहे आणि आपल्या हातात कधी येणार, हे आधी विचारायचं. सुझलॉनमध्ये ‘किती’चं उत्तर बरीच वर्षं छान होतं, बाकीच्या तीन प्रश्नांची उत्तरं वाईट होती.

आधी धंदा समजून घेऊ. तुलसी तंती मूळचे गुजरातमधले, कापडाच्या धंद्यातले. विजेचा खर्च परवडेना म्हणून स्वतःसाठी पवनचक्क्या घेतल्या आणि मग १९९५ मध्ये तोच धंदा सुरू केला. मुख्यालय पुण्यात. साताऱ्याच्या वनकुसवडे पठारावर किंवा धुळे जिल्ह्यात साक्री तालुक्यातल्या ब्राह्मणवेलला गेलात तर रांगेनं उभ्या चक्क्या दिसतात, त्यात सुझलॉनचं काम मोठं आहे. यांची खासियत अशी की गिऱ्हाईकाला फक्त मशीन विकायचं नाही, जागा शोधण्यापासून चक्की उभी करून ती वर्षानुवर्षं चालवून देण्यापर्यंत सगळं एकाच ठिकाणी.

आता गिऱ्हाईक कोण होतं? बऱ्याच वेळा विजेशी काही संबंध नसलेल्या, पण चांगला नफा आणि मोठा टॅक्स असलेल्या कंपन्या. कारण पवनचक्कीवर पहिल्याच वर्षी ८० टक्के घसारा, म्हणजे झीज म्हणून नफ्यातून वजा करायची रक्कम, घेता यायचा. समजा चक्की ६ कोटींची, पहिल्या वर्षाचा घसारा ४.८ कोटी, टॅक्सचा दर ३३ टक्के धरला तर त्या वर्षीचा जवळजवळ १.६ कोटी टॅक्स वाचतो. खरं तर वाचत नाही, पुढे ढकलला जातो, कारण नंतरच्या वर्षांत घसारा उरतच नाही, पण आजचा रुपया उद्याच्या रुपयापेक्षा मोठा हे फायनान्सचं पहिलं वाक्य आहे आणि गिऱ्हाईक त्या वाक्यावरच चक्की विकत घेत होतं. त्यामुळे सुझलॉनच्या विक्रीचा मोठा हिस्सा वाऱ्यावर कमी आणि सरकारी टॅक्सच्या नियमावर जास्त उभा होता, हे लक्षात ठेवा, २०१२ मध्ये परत लागणार आहे.

२००५ मध्ये ५१० रुपये भावानं आयपीओ आला आणि लोक तुटून पडले. तेल महागत होतं, युरोप-अमेरिकेत पवनऊर्जेला मागणी होती, आणि अडचण होती ती गिअरबॉक्सची, जगभर तुटवडा. म्हणून २००६ मध्ये बेल्जियमची हॅन्सन ट्रान्समिशन्स ही गिअरबॉक्स बनवणारी कंपनी ४६.५ कोटी युरोला घेतली. हा सौदा माझ्या मते चांगला होता. अडचण खरी होती, किंमत झेपणारी होती, आणि पुढच्याच वर्षी हॅन्सन लंडनच्या बाजारात लिस्ट झाली तेव्हा तिची किंमत कितीतरी वाढलेली होती.

मग आली रीपॉवर. हॅम्बुर्गची कंपनी, समुद्रात उभारायच्या ५ मेगावॉटच्या राक्षसी चक्क्यांचं तंत्रज्ञान हातात. फ्रान्सच्या अरेव्हानं १०५ युरो शेअरला बोली लावली होती, फेब्रुवारी २००७ मध्ये सुझलॉननं १२६ ची लावली, अरेव्हा १४० वर गेली, सुझलॉन १५० वर. शेवटी मे महिन्यात समझोता झाला, अरेव्हानं बोली सोडली पण आपला सुमारे ३० टक्के हिस्सा लगेच विकला नाही, तो नंतर सुझलॉननं घ्यायचा असं ठरलं, पोर्तुगालच्या मार्टिफरचाही मोठा हिस्सा तसाच पुढे घ्यायचा. बोलीच्या भावानं अख्खी रीपॉवर १२० कोटी युरोच्या पुढे जात होती.

इथे जरा थांबू, कारण गुंतवणुकीच्या निर्णयाचा खरा धडा इथे आहे. एनपीव्ही, म्हणजे पुढे येणाऱ्या पैशाची आजची निव्वळ किंमत, काढताना आपण कॅश फ्लो मांडतो, त्याला दरानं भागतो, बेरीज करतो. पण तो कॅश फ्लो आपल्या हाताला लागणारा असला पाहिजे, ही अट बोलायची राहून जाते. जर्मन कायद्यात नुसते बहुसंख्य शेअर असले म्हणून मालक कंपनीला हुकूम देऊ शकत नाही. वर्चस्वाचा वेगळा करार लागतो, तो नसेल तर उरलेल्या छोट्या शेअरहोल्डरांचं नुकसान होईल असं काहीही करता येत नाही, ना तिथली रोकड इकडे वळवता येते, ना तंत्रज्ञान मनासारखं घेता येतं. छोट्या शेअरहोल्डरांना बाहेर काढायचं तर ९५ टक्के हवेत. सुझलॉनला तिथे पोचायला २०११ उजाडलं, आणि त्यानंतरही रीपॉवरला पैसे देणाऱ्या बँकांच्या स्वतःच्या अटी होत्याच. म्हणजे २००७ मध्ये ज्या गोष्टीसाठी अरेव्हाशी भांडून किंमत वाढवली ती गोष्ट चार वर्षं काचेपलीकडे. एनपीव्हीच्या कोष्टकात पहिली चार वर्षं शून्य टाकून बघा, १५० युरोचा भाव टिकतो का ते.

आता पैसा आणला कुठून. काही बँकांचं कर्ज, डिसेंबर २००७ मध्ये १,९१७ रुपये भावानं क्यूआयपी करून, म्हणजे मोठ्या गुंतवणूक संस्थांना थेट शेअर विकून, सुमारे २,२०० कोटी, आणि सुरुवातीला सांगितलेले ते ५० कोटी डॉलरचे रोखे.

या रोख्यांची रचना नीट बघा. गुंतवणूकदार डॉलर देतो, व्याज घेत नाही, त्याच्या बदल्यात त्याला हक्क मिळतो की पाच वर्षांत कधीही ठरलेल्या भावानं रोखा देऊन शेअर घ्यायचे. शेअरच्या विभाजनानंतर, म्हणजे एका शेअरचे पाच झाल्यावर, हा भाव पहिल्या रोख्यांना सुमारे ३६० रुपये होता आणि दुसऱ्यांना सुमारे ३७२. बाजारात शेअर त्याच्यावर गेला तर गुंतवणूकदार शेअर घेणार, कंपनीला परतफेडच करायची नाही. नाही गेला तर मुद्दल परत, आणि नुसतं मुद्दल नाही, १०० च्या ठिकाणी सुमारे १४५ परत. ते ४५ म्हणजेच साठवून ठेवलेलं व्याज, दरवर्षी दिसत नाही इतकंच.

हिशोब करू. २००७ मध्ये डॉलर ढोबळमानानं ४० रुपये. १०० डॉलर घेतले म्हणजे ४,००० रुपये आले. २०१२ च्या ऑक्टोबरमध्ये डॉलर ५३ च्या आसपास. १४५ डॉलर परत द्यायचे म्हणजे ७,६८५ रुपये. पाच वर्षांत ४,००० चे ७,६८५, चक्रवाढीनं वर्षाला जवळजवळ १४ टक्के. डॉलरमध्ये बघितलं तर साडेसात-पावणेआठ टक्के, बाकीचा भार रुपया घसरल्याचा. भारतातल्या साध्या बँकेकडून रुपयात घेतलं असतं तरी साधारण एवढंच पडलं असतं, आणि ते हप्त्याहप्त्यानं फिटलं असतं, एकाच दिवशी डोंगर समोर आला नसता.

पण मला १४ टक्क्यांपेक्षाही दुसरी गोष्ट जास्त महत्त्वाची वाटते. हे रोखे कंपनीचे दिवस चांगले असतील तेव्हा शेअर होतात आणि वाईट असतील तेव्हा कर्ज. लग्नात आहेर म्हणून दिलेली रक्कम नवऱ्या मुलाची नोकरी गेल्यावर ‘ते उसने होते’ म्हणून परत मागावी, तसं. कंपनीला खरी गरज उलटी असते, वाईट काळात परत मागता न येणारा पैसा, म्हणजेच साधे शेअर. इथे निवडीचा हक्क पूर्ण गुंतवणूकदाराकडे होता आणि त्या हक्काची किंमत कंपनीच्या खर्चात कुठेही मांडली जात नव्हती, म्हणून तो पैसा स्वस्त वाटत होता.

साधे शेअर विकता आले नसते का? आले असते, त्याच वर्षी विकलेच ना क्यूआयपीमध्ये. ५० कोटी डॉलर म्हणजे तेव्हाचे साधारण २,००० कोटी रुपये. विभाजनाआधी कंपनीचे शेअर ३० कोटींच्या आतबाहेर होते. १,९१७ भावानं २,००० कोटी उभे करायला एक कोटीपेक्षा थोडेच जास्त शेअर लागले असते, म्हणजे साडेतीन टक्के. वर्षाच्या सुरुवातीचा भाव कमी होता ते धरलं तरी चार-पाच टक्के. प्रमोटरांकडे तेव्हा दोन तृतीयांशच्या आसपास हिस्सा होता. हा आकडा मी विद्यार्थ्यांना मुद्दाम स्वतः काढायला सांगतो, कारण चार-पाच टक्के डायल्यूशन, म्हणजे जुन्या मालकांचा हिस्सा पातळ होणं, वाचवायला कंपनीनं काय पत्करलं ते शब्दांपेक्षा त्या भागाकारात जास्त कळतं. आता हेही खरं की २००७ मध्ये एफसीसीबी सगळेच काढत होते, बँकर घेऊन येत होते, शेअर रोज वर जात होता आणि ३६० चा भाव जवळ वाटत होता. जानेवारी २००८ मध्ये तर शेअर साडेचारशेच्या आसपास गेला. गुंतवणूकदारांना तेव्हाच रूपांतर करून घ्या म्हणायची सक्ती करता आली नाही, आणि पाच वर्षांची मुदत बाकी असताना ते स्वतःहून कशाला करतील.

मग २००८. अमेरिकेत लावलेल्या चक्क्यांच्या पात्यांना तडे गेले, १,२५१ पाती दुरुस्त करायचा कार्यक्रम कंपनीला हाती घ्यावा लागला. एडिसन मिशन एनर्जीनं पुढची ऑर्डर कमी केली. सप्टेंबरमध्ये लेहमन ही अमेरिकी बँक बुडाली आणि पवनऊर्जा प्रकल्पांना कर्जच मिळेना. शेअर वर्ष संपेपर्यंत पन्नाशीकडे आला.

चक्की बनवणाऱ्याचं खेळतं भांडवल फार मोठं असतं, हा भाग लोक पटकन विसरतात. ऑर्डरबरोबर थोडा ॲडव्हान्स येतो, मग स्टील, पाती, गिअरबॉक्स, जनरेटर सगळं घ्यायचं, बनवायचं, ट्रेलरवरून डोंगरावर न्यायचं, उभं करायचं, ग्रिडला जोडायचं, आणि शेवटचा मोठा हप्ता तेव्हा येतो. मध्ये कुठेही गिऱ्हाईक अडकलं की तुमचा माल बनून पडलेला आणि पैसा बाकी. विक्री वाढत असते तेव्हा हे झाकलं जातं कारण नवीन ॲडव्हान्समधून जुनी देणी भागतात, विक्री थांबली की दोन-तीन तिमाहीत उघडं पडतं. कागदावर नफा असताना रोकड संपते ती अशीच. सुझलॉननं तर जगभर कारखाने आणि ऑफिसं उभी करून ठेवली होती, ऑर्डर असो नसो खर्च चालू, आणि त्याच्यावर कर्जाचा बोजा. धंद्यातला स्थिर खर्च आणि व्याजाचा स्थिर खर्च एकमेकांवर चढले की विक्रीत २० टक्के घट झाली तरी नफ्याचा पार निकाल लागतो.

आणि याच काळात अरेव्हा आणि मार्टिफरला द्यायचे पैसे उभे करायचे होते. हॅन्सनमधला हिस्सा टप्प्याटप्प्यानं विकला, उरलेला २०११ मध्ये जर्मनीच्या झेडएफला गेला. रोखेधारकांना २००९ मध्ये रूपांतराचा भाव बराच खाली आणून देऊ केला, काहींनी घेतला, काही जुनेच धरून बसले. २०११ मध्ये नवे १७.५ कोटी डॉलरचे रोखे आले. जुनं फेडायला नवं, हे सुरू झालं की फायनान्स विभागाचं काम वेगळंच होऊन बसतं, धंदा बाजूला राहतो आणि सगळं वर्ष पुढच्या तारखेभोवती फिरतं.

तेव्हाचे वार्षिक अहवाल वाचणाऱ्याला खरंच सगळं ठीक वाटलं असतं. २०११-१२ ची एकत्रित विक्री २१,००० कोटींच्या आसपास होती, रीपॉवर उत्तम चालली होती, तिच्याकडे रोकड होती, ऑर्डर होत्या. पण एकत्रित ताळेबंद ही सगळ्या कंपन्यांची बेरीज असते, आणि रोखे बेरजेनं काढलेले नव्हते, पुण्यातल्या सुझलॉन एनर्जी लिमिटेडनं काढलेले होते. युरोतली कमाई डॉलरच्या देण्याला आपोआप आधार देईल हा विचार कागदावर बरोबर, पण ती कमाई हॅम्बुर्गमध्ये अडकलेली. म्हणून कर्ज असलेल्या कुठल्याही समूहाचा अहवाल हातात आला की आधी मूळ कंपनीचा स्टँडअलोन, म्हणजे तिच्या एकटीचा, कॅश फ्लो बघा, मग तिच्या नावावरची परतफेडीची तारीखवार यादी बघा, एकत्रित नफा सगळ्यात शेवटी.

२०१२ मध्ये सगळं एकदम आलं. मार्चअखेर सरकारनं तो ८० टक्के घसारा काढून घेतला, सोबत वीजनिर्मितीवरचं प्रोत्साहन पण संपलं, आणि देशात आदल्या वर्षी ३,००० मेगावॉटच्या वर चक्क्या लागल्या होत्या त्या पुढच्या वर्षी १,७०० वर आल्या. जूनमध्ये ३६ कोटी डॉलरचे रोखे परत करायचे होते, ४५ दिवसांची मुदत मागून जुलैअखेर फेडले, तेही मुख्यतः दुसरं कर्ज काढून. ऑक्टोबरच्या रोख्यांसाठी चार महिने मागितले, रोखेधारकांनी नाही म्हणून मत दिलं. त्या दिवशी शेअर होता १६-१७ रुपये, रूपांतराचा भाव त्याच्या वीस पटीहून वर. त्याच वर्षी रिलायन्स कम्युनिकेशन्सनं शंभर कोटी डॉलरच्या वरचे असेच रोखे चिनी बँकांच्या कर्जातून फेडले, म्हणजे तारीख पाळली पण कर्ज तिथेच राहिलं, आणि ती कंपनी पुढे दिवाळखोरीत गेलीच.

जानेवारी २०१३ मध्ये बँकांनी सुझलॉनचं सुमारे ९,५०० कोटींचं कर्ज सीडीआरमध्ये, म्हणजे कंपन्यांच्या कर्ज पुनर्रचनेच्या योजनेत, घेतलं, हप्ते पुढे ढकलले, काही व्याजाचे शेअर केले. तोटे मोठे होते, २०१२-१३ मध्ये ४,७०० कोटींच्या वर, पुढच्या वर्षी साडेतीन हजार कोटी. शेवटी जानेवारी २०१५ मध्ये रीपॉवर, जिचं नाव तोवर सेनव्हिऑन झालं होतं, अमेरिकेच्या सेंटरब्रिजला १०० कोटी युरोला विकायचं ठरलं. घेतली त्यापेक्षा कमीला, मधल्या आठ वर्षांचं व्याज वेगळंच. मला तरी हा निर्णय योग्य वाटतो, किती घातले ते विसरून आता ती कंपनी आपल्या हातात जास्त मोलाची की दुसऱ्याच्या, एवढंच बघायचं असतं आणि बहुतेकांना तेच जमत नाही. सेनव्हिऑन नंतर एप्रिल २०१९ मध्ये स्वतःच दिवाळखोरीत गेली, तेव्हा ठेवली असती तरी काय झालं असतं ते दिसतंच. विक्री ठरली त्याच्या पुढच्याच महिन्यात, फेब्रुवारी २०१५ मध्ये, सन फार्माच्या दिलीप संघवींच्या कुटुंबानं सुझलॉनमध्ये १८ रुपये भावानं १,८०० कोटी घातले.

पुढचं थोडक्यात. २०१७ मध्ये पवनऊर्जेचे लिलाव सुरू झाले, पहिल्याच लिलावात दर ३.४६ रुपये युनिटपर्यंत पडला, नव्या ऑर्डरी आटल्या, आणि २०१९ च्या जुलैमध्ये पुन्हा एफसीसीबी थकले, यावेळी १७.२ कोटी डॉलर. २०२० मध्ये बँकांनी मोठा तोटा सोसून कर्जाची पुनर्रचना केली, २०२२ मध्ये आरईसी आणि इरेडा या सरकारी वित्तसंस्थांनी उरलेलं कर्ज आपल्याकडे घेतलं. ऑक्टोबर २०२२ मध्ये ५ रुपये भावानं १,२०० कोटींचा राइट्स इश्यू, म्हणजे आहेत त्याच शेअरहोल्डरांना नवे शेअर, आला, तो उघडायच्या आधी १ ऑक्टोबरला तुलसी तंती गेले. इश्यू तरीही पार पडला. ऑगस्ट २०२३ मध्ये १७.५५ रुपयांनी २,००० कोटींची क्यूआयपी झाली आणि कर्जाचं ओझं जवळपास संपलं.

आता शेअरची संख्या बघा. २००८ मध्ये विभाजनानंतर सुमारे १५० कोटी शेअर होते. २०२३ च्या क्यूआयपीनंतर १,३५० कोटींच्या वर. प्रत्येक तडजोडीत कुणाला ना कुणाला शेअर दिले गेले, रोखेधारकांना, बँकांना, संघवींना, राइट्सला, क्यूआयपीला, आणि दरवेळी आधीपेक्षा बहुधा कमी भावानं. २००८ मध्ये ज्याच्याकडे कंपनीचा १ टक्का होता आणि ज्यानं नंतर काही घातलं नाही, त्याच्याकडे आता ०.११ टक्के उरला. प्रमोटरांचा दोन तृतीयांश हिस्सा १३ टक्क्यांच्या आसपास आला.

२०२४ मध्ये शेअर पन्नाशीच्या वर गेला तेव्हा बऱ्याच जणांनी लिहिलं की ४५० चा शेअर अजून ५० वर आहे, कंपनी अजून नवव्या हिश्शावर आहे. गुणाकार करून बघा. २००८ चे ४५० गुणिले १५० कोटी म्हणजे ६७,५०० कोटी. २०२४ चे ५० गुणिले १,३६० कोटी म्हणजे ६८,००० कोटी. बाजारानं कंपनीला दिलेली किंमत त्या भावालाच जुन्या शिखरावर पोचली होती, त्या सप्टेंबरमध्ये तर शेअर ८० च्याही वर जाऊन आला, म्हणजे किंमत लाख कोटींच्या पुढे. फक्त तिचे मालक बदलले होते, आणि २००८ पासून शेअर धरून बसलेल्या माणसाला त्या शिखराला ४५० चे ५० च दिसले.